हाय साइड म्हणजे काय रे भाऊ?

कुंडलिकेच्या काठावर रोज सकाळी एक क्लास भरतो. फी वेगळी नाही, हजेरी नाही, बाकंही नाहीत. पंधरा-वीस मिनिटांत आटपतो. अंगात घट्ट जॅकेट, डोक्यावर कालच्या कुणाच्या तरी घामाचा वास येणारं हेल्मेट आणि हातात वल्हं, अशा अवतारात तीसेक जण अर्धगोल करून उभे असतात. समोर गाइड घसा ताणून ओरडत असतो. 'फॉरवर्ड! बॅक! होल्ड ऑन! गेट डाउन! हाय साइड!' आणि तिसातले पंचवीस जण त्या वेळी काय करत असतात? सेल्फी.

त्याआधी एक फॉर्म भरून झालेला असतो. 'काही झालं तर जबाबदारी माझी' अशा अर्थाचा. तोही आपण सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना 'आय अॅग्री' दाबतो तितक्याच गंभीरपणे भरतो. म्हणजे सही करून मोकळे झालो, पण कशावर सही केली आणि समोरचा काय ओरडतोय, दोन्ही डोक्यावरून. विमानात एअर होस्टेस हातवारे करते तेव्हा आपण मासिक चाळतो ना, तसंच. फरक एवढाच की विमानातला तो पट्टा वापरायची वेळ सहसा येत नाही. इथे पहिल्याच रॅपिडवर येते. आणि त्या रॅपिडचं नाव काय, तर 'मॉर्निंग हेडेक'!

रोहा तालुक्यातलं कोलाड आता वीकेण्डवाल्यांना सांगायला नको. मुंबईहून साधारण सव्वाशे किलोमीटर, पुण्याहून ताम्हिणी उतरून आलं की त्याच्याही आत. साजे गावाजवळ राफ्ट पाण्यात ढकलायचे आणि बारा-एक किलोमीटर खाली कामतला बाहेर काढायचे. पण कोकणातल्या नदीला ऐन डिसेंबर-जानेवारीत एवढं पाणी कुठून येतं, हा प्रश्न पडायला हवा. शेजारच्या नद्या तेव्हा गुडघाभरही नसतात.

हे पाणी कुंडलिकेचं नाहीच मुळी. ते मुळशीचं. मूळचं पूर्वेला भीमेकडे आणि तिथून बंगालच्या उपसागराला जाणारं. टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं, त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरीही धरण झालं आणि 1927 साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी पाइपातून साधारण 500 मीटर खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि उरलेल्या कामाला पश्चिमेकडे निघतं. वीजघरातून बाहेर पडणाऱ्या या पाण्याला टेल रेस म्हणतात. खाली रवाळज्याला त्याच पाण्यावर सरकारने आणखी वीज काढली आहे. मग ते कुंडलिकेत सुटतं. म्हणजे राफ्टिंगचा मोसम ठरवतो तो पाऊस नव्हे, विजेची मागणी. पाणी सुटतं ते बहुधा सकाळी, म्हणून सगळ्या राफ्ट सकाळच्या. 'आम्ही जरा आरामात येतो, अकरा वाजता,' म्हणणाऱ्यांना काठावर उभं राहून दगड बघावे लागतात. आणि नदीपात्रात निवांत पाय सोडून बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की आकाश निरभ्र असताना इथलं पाणी वाढू शकतं. ढगांकडे बघून कळणार नाही, गावकऱ्यांना विचारावं लागतं.

आता क्लासकडे. 'फॉरवर्ड' आणि 'बॅक' यात विशेष काही नाही, सगळ्यांनी एका लयीत वल्हं मारलं म्हणजे झालं. (ऑफिसातल्या टीमबरोबर गेलात तर हेही जमत नाही, तो वेगळा विषय.) 'होल्ड ऑन' म्हणजे राफ्टच्या कडेने फिरवलेला दोर धरायचा. पण एका हाताने! दुसरा हात वल्ह्याच्या मुठीवरच राहिला पाहिजे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी-सारखी आडवी मूठ असते, ती टी-ग्रिप. ती सुटली की वल्हं हवेत भिरभिरतं आणि शेजाऱ्याचे दात हिशेबात घेतं. राफ्टिंगमधल्या बऱ्याच जखमा नदीमुळे होत नाहीत, शेजारच्याच्या टी-ग्रिपमुळे होतात. 'गेट डाउन' म्हणजे कडेवरून घसरून राफ्टच्या तळाशी बसकण मारायची.

आणि 'हाय साइड'. हा शब्द ज्याला कळला त्याचे पैसे वसूल. राफ्ट आडवी होऊन खडकावर आदळली की काय होतं? खडकाकडची बाजू वर चढते, वरून येणारं पाणी मागची बाजू खाली दाबतं आणि राफ्ट तव्यावरच्या आंबोळीसारखी उलटायला तयार होते. अशा वेळी आपलं शरीर काय सांगतं? 'खडक! लांब पळ!' आपण मागे, खालच्या बाजूला झुकतो आणि राफ्टला उलटायला मदतच करतो. गाइड 'हाय साइड' ओरडला की नेमकं उलट करायचं. सगळ्यांनी वर उचललेल्या बाजूवर, म्हणजे खडकाच्या दिशेने, अंग झोकून द्यायचं. विचार करायला वेळ नसतो. म्हणून शब्द आधी डोक्यात जायला हवा, अर्थासकट.

पाण्यात पडलातच तर काय, याचंही उत्तर छोटं आहे. नाक वर, पायाचे अंगठे वर. पाठीवर झोपायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे. समोर खडक आला तर तो पायाला लागेल, डोक्याला नाही. आणि पाणी कमरेएवढंच दिसलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. हे कुणालाच पटत नाही. पण तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे पालथा पाडतं, आणि कमरेएवढ्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही बुडतो. काठावरून गाइड एक पिशवी फेकतो, तिच्यातून दोर सुटत येतो. ती थ्रो बॅग. पकडायचा तो दोर, पिशवी नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, छातीशी धरायचा आणि पाठीवर राहायचं.

नदी वाचायचे शब्द आणखी मजेदार. झाड आडवं पडलंय, फांद्यांतून पाणी जातंय पण माणूस जाणार नाही, ते 'स्ट्रेनर'. म्हणजे आपलं चहाचं गाळणं, आणि चहापत्ती म्हणजे आपण. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं, वरच्या दिशेला, संथ फिरतं ती 'एडी'. शब्दकोशात एडीला भोवरा म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. भोवरा म्हटलं की आपल्याला खाली ओढणारं काहीतरी भयंकर दिसतं. राफ्टवाल्यांची एडी म्हणजे बहुतेक वेळा विसाव्याची जागा, हायवेवरचा धाबा. तिथे राफ्ट लावून मागच्यांची वाट बघतात. खरा घात करतो तो 'होल'. पाणी एखाद्या खडकावरून किंवा बुटक्या बंधाऱ्यावरून पडतं आणि पायथ्याशी स्वतःवरच उलटं फिरत राहतं. गावाजवळचा सरळसोट छोटा बंधारा दिसायला अगदी निरुपद्रवी. पण पावसाळ्यात त्याच्या पायथ्याशी सापडलेली वस्तू पाणी तिथेच घोळवत ठेवतं. रॅपिडपेक्षा मला तरी अशा बंधाऱ्यांची जास्त भीती वाटते.

अजून एक. गाइड 'लेफ्ट' म्हणतो, कारण राफ्टमध्ये सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. जहाजावर तसं नसतं. कुणी पुढे बघतोय, कुणी मागे, कुणाची डावी कुणाची उजवी? म्हणून पोर्ट आणि स्टारबोर्ड. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड, मग तुम्ही कुठेही तोंड करून उभे असा. स्टारबोर्डचा ताऱ्यांशी संबंध नाही. जुन्या युरोपी जहाजांचं सुकाणू उजव्या बाजूला असायचं, त्यावरून तो 'स्टिअर-बोर्ड'. सुकाणू तुटू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावायची, ती पोर्ट. आपल्याकडच्या खलाशांनीही हा प्रश्न सोडवला होता. 1811 साली कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या साहेबाने खलाशांच्या बोलीचा इंग्रजी-हिंदुस्थानी शब्दकोशच काढला. त्या लश्करी बोलीत स्टारबोर्ड म्हणजे 'जमना' आणि पोर्ट म्हणजे 'डावा'. जमना हा गुजरातीतला उजवा, डावा तर आपल्या घरचाच. त्याच बोलीत खाली सोडायचा हुकूम 'आरिया', तो पोर्तुगीज 'आरिआर'वरून. आपलं सुकाणू मूळ अरबी, खलाशीही अरबी, बंदर फारसी. कुठल्याही कॉल सेंटरपेक्षा मोठा कॉस्मोपॉलिटन स्टाफ होता बघा! कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंड्यासमोर कोर्लई आहे. तिथल्या एका वस्तीत आजही पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली भाषा घरात बोलतात. राफ्टिंग झाल्यावर नदीबरोबर खाली जायचं मनात असेल तर रोहा ओलांडून तिकडे जरूर जा.

आम्ही मात्र उलट्या दिशेला, पेणकडे निघालो. वाटेत नागोठणं. अंबा नदीवरचा 1580च्या सुमाराचा दगडी पूल बघायला पाच मिनिटं थांबावं. मुंबईहून निघालेल्या बोटी एके काळी धरमतरला लागायच्या, भरती साधून नागोठण्यापर्यंतही यायच्या. मुंबई-गोवा हायवेच्या धुळीत अडकलेला माणूस आज हे वाचून नुसता उसासा टाकतो.

वडखळ नाक्यावर अलिबागकडे वळलं की थोड्या वेळात धरमतरचा पूल लागतो. तर म्हणजे नदी-खाडी ओलांडून देणारी होडी. धरमतर हे नाव मला तरी तसंच ऐकू येतं. पूल झाला आणि तर गेली. शनिवारी इथून अलिबागला सुसाट जाणाऱ्या गाड्यांपैकी एकही थांबत नाही. थांबलात तर खाली खाडीत बार्ज दिसतील. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल मोठ्या जहाजांतून उतरवून याच खाडीतून आत येतो. बार्जच्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडे असतात. तो सर्व्हिस नंबर नव्हे. पाण्याची रेघ कुठल्या आकड्याला टेकलीय, त्यावरून बार्ज किती खोल बसलाय ते कळतं. तो ड्राफ्ट. पाण्याच्या रेघेपासून डेकपर्यंत कोरडी राहिलेली उंची म्हणजे फ्रीबोर्ड. 'याच्या वर भरायचं नाही' असं सांगणारी रेघ समुद्री जहाजांवर सक्तीची झाली ती सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराच्या चिकाटीमुळे, 1876 साली. त्याआधी मालक जहाज ठासून भरायचे. बुडालं तर विमा होताच!

तुम्ही जलवाहतुकीचे कितीही शौकीन नसा, फ्रीबोर्ड हा एक शब्द खिशात ठेवा. खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसण्याआधी कडेला बघायचं. पाणी कडेपासून वीतभरच खाली आहे आणि अजून दोन मोटरसायकली चढवायच्यात? मग पुढच्या फेरीला जा. कुणाशी वाद घालायची गरज नाही.

पुलाखाली काठावर एक वयस्कर काका जाळं निस्तरत बसले होते. म्हटलं, "काका, पाणी कधी भरेल?"

"आज तिथी कंची?" त्यांनी उलट विचारलं.

आम्ही चौघं. एकाही पदवीधराला तिथी सांगता आली नाही. शेवटी मोबाइलवर बघितलं. षष्ठी.

"मंग साडेचारला," काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले. "हितं आत यायला अजून जरा उशीर."

हे गणित मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि अजिबात अवघड नाही. तिथीच्या आकड्याचे तीन चतुर्थांश करायचे, म्हणजे पौन करायचं. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी? चार पाऊण तीन, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांनी, म्हणून आकडा सकाळ-संध्याकाळ दोन्हीला चालतो. मधे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे इथली सुकती. रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, तेवढंच या गणितात दडलंय. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर. पेणच्या गणपतीवाल्यांना हे पाठ असणार. अनंत चतुर्दशीला चौदा पाऊण साडेदहा!

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोन्ही माफक, तो भांग. (रोह्याच्या पलीकडच्या काठावरच्या गावाचं नावच अष्टमी, पण त्याचा भांगाशी काही संबंध असेल असं समजू नका.) उधाणाला मुंबईजवळ पाणी पाच मीटरपर्यंत वर-खाली होतं. दीड मजला! आणि ते सगळे सहा तास सारख्या वेगाने होत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येऊन जातं. किनाऱ्यावर फोटो काढत बसलेल्यांच्या गाड्या बुडतात त्या याच दोन तासांत. 'आत्ता तर पाणी लांब होतं' हे वाक्य तिथूनच येतं.

पेणच्या खारेपाटात फिरताना हा आकडा डोक्यात असला की सगळा भूगोल वेगळाच दिसतो. हे बांध शोभेचे नाहीत. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला भरतीचं खारं पाणी, आणि मधे जुन्या लोकांनी घातलेली मातीची भिंत. बांधात उघाडी असते. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरतीला ती खारं पाणी आत येऊ देत नाही. फुकटचा वन-वे व्हॉल्व्ह. बांध फुटला तर त्याला इथे 'खांड पडली' म्हणतात, आणि ती वेळेत बुजवली नाही तर शेताची काही वर्षं वाया जातात.

धरमतरची खाडी रेवसपाशी समुद्राला मिळते. आणि रेवस म्हटलं की रामदास. 17 जुलै 1947, अमावास्येच्या तोंडावरचा दिवस, स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली. 600 हून जास्त माणसं गेली. त्यांतली बरीचशी आपल्याच या गावांकडे सणासुदीला निघालेली. बोट एका बाजूला कलली, आत पाणी आलं, घाबरून माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि लाटेबरोबर ती उलटली, असं अजूनही सांगतात. रायगडात आजही एखादी म्हातारी आजी 'रामदासच्या साली' असं म्हणून कुणाचं तरी वय सांगते.

वर राफ्टमधल्या 'हाय साइड'बद्दल लिहिलं, ते प्रवासी बोटीत कधीही करायचं नाही, हे इथेच सांगायला हवं. राफ्टमध्ये आठ माणसं असतात आणि सगळे एका हुकुमावर हलतात. बोटीत शंभर जण एका कठड्याकडे धावले तर त्यांचं वजनच बोट उलटवतं. आत साचलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं. म्हणून बोट कलली की जिथे आहात तिथे, शक्य तितकं खाली बसायचं.

आपली वर्तमानपत्रं सगळ्याला 'बोट बुडाली' म्हणतात. पण रुतणं वेगळं, पाणी भरणं वेगळं, कलणं वेगळं, उलटणं वेगळं आणि बुडणं सगळ्यात शेवटचं. या मधल्या प्रत्येक शब्दात थोडा वेळ शिल्लक असतो. 14 मार्च 2020 ला गेटवेहून मांडव्याला निघालेल्या 'अजंठा' बोटीत मांडव्याजवळ पाणी शिरलं, बोट कलली. रायगड पोलिसांची गस्तीची बोट वेळेत पोचली आणि सगळे 88 प्रवासी वाचले. उलटलेली बोटसुद्धा पुष्कळदा तरंगत राहते. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघण्यापेक्षा तिला धरून राहणं बरं. शोधणाऱ्याला बोट दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही.

18 डिसेंबर 2024 ला मात्र वेळच मिळाला नाही. घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. 84 प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीत शंभराहून अधिक जण होते, आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर काही दिवस प्रवासी बोटीत प्रत्येक जण जॅकेट घालून बसलेला दिसायचा. आता पुन्हा फोटोपुरतं काढतात, 'भगवा रंग ड्रेसवर जात नाही' म्हणून.

जॅकेटबद्दलच बोलू. लाइफबॉय म्हणजे आपल्याला लाल साबण. पण साबणाला ते नाव ज्याच्यावरून मिळालं ते म्हणजे बोटीच्या कठड्याला टांगलेलं गोल कडं. ते फेकायला असतं, घालायला नाही. अंगात घालायची गोष्ट दोन प्रकारची. आत टॅगवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तो बघा. 50 न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोचा उचल देणारं, बॉयन्सी एड. शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करीलच असं नाही. 100 किंवा 150 न्यूटनचं खरं लाइफ जॅकेट. ते तोंड वर राहील अशा बेताने बनवलेलं असतं, म्हणून मानेमागे कॉलर आणि छातीवर जाड फोम. कुठलंही असलं तरी बकल सगळी लावायची, पट्टे ओढायचे आणि मित्राला खांद्यावरून जॅकेट वर उचलायला सांगायचं. कानापर्यंत आलं तर पाण्यात ते वर तरंगेल आणि तुम्ही खाली. दुसरं मागा. लाजू नका.

बंदरावर गेलात तर डोकं वर करून बावट्याचा खांबही बघा. पावसाळ्यात 'तीन नंबरचा बावटा लागला' ही बातमी आपण क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तशी ऐकतो. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. तीन म्हणजे खुद्द या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. चारला वादळाचा. पाचपासून पुढे धोका वाढत जातो, आठ ते दहा म्हणजे महासंकट. आणि अकरा? अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. रात्री बोटींचेही दिवे वाचता येतात. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. नुसता लाल दिसला तर समोरच्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर बोट थेट तुमच्यावर येतेय. तांडेलाला सांगा!

आणि 'मेडे'. हॉलिवूडमध्ये पायलट ओरडतो तो. 1920च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर हा शब्द ठरला, फ्रेंच 'मेदे' म्हणजे 'मला मदत करा' यावरून. सलग तीनदा म्हणायचं, मग बोटीचं नाव, कुठे आहोत, काय झालंय, किती माणसं आहेत. जीवावर बेतलं असेल तरच. इंजिन बंद पडलंय पण बुडत नाही, तर 'पॅन-पॅन'. रेडिओवर हे सगळं चॅनल 16 वर. आपल्याकडे रेडिओ नसतो, मोबाइल असतो. तटरक्षक दलाचा फुकटचा नंबर 1554, चारच आकडे. आत्ताच सेव्ह करा, पुढचं नंतर वाचा.

तर कसं जाल? दिव्याहून रोह्याला मेमू जाते, वाटेत पेण आणि नागोठणं लागतं. रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते. कोलाडला राफ्टिंगला जाणार असाल तर आदल्या रात्रीच पोचा, सकाळचं पाणी तुमच्यासाठी थांबणार नाही. गाडी असेल तर येताना धरमतरच्या पुलाजवळ थांबा, निघण्याआधी तिथी बघून ठेवा म्हणजे काकांसमोर अब्रू राहील. पेणला गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर काम चालू असतं, शाडूच्या अर्ध्या रंगलेल्या मूर्ती बघायला कुणी सहसा नाही म्हणत नाही, विचारून मगच फोटो काढा. पोहे आणि पापड घ्यायला विसरू नका. आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर कुणाच्या तरी शेतावर पोपटीचं आमंत्रण मिळवा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, वर गवत-पेंढ्याची आग. मडकं उलटं ठेवतात. उलटं ठेवलेलं बघायला आवडावं अशी या पट्ट्यातली ती एकच गोष्ट.